एमएचटी-सीईटीची तयारी कशी करावी? ठाणे-नवी मुंबईच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी

एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची परीक्षा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं. तिथे प्रश्नामागे १०८ सेकंद मिळतात. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या दोन आकड्यांवर उभं आहे. मी मॅथ्स शिकवते, आणि दरवर्षी पाहते की विषय चांगला येणारी मुलंसुद्धा सहाव्या-सातव्या प्रश्नावर अडून बसतात. हातचे सोपे प्रश्न शेवटी तसेच राहून जातात. त्यामुळे अभ्यास जितका महत्त्वाचा, तितकीच कोणता प्रश्न आत्ता करायचा आणि कोणता सोडायचा ही सवय महत्त्वाची. ती शेवटच्या महिन्यात लागत नाही.

पायरी १ : मुख्य परीक्षा कोणती, ते ठरवा

आपल्याकडे अकरावीला बहुतेक मुलं जेईई (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी दोन्हींच्या बॅचमध्ये जातात. ‘जेईईचं केलं की सीईटी आपोआप होते’ हे वाक्य नौपाड्यापासून खारघरपर्यंत प्रत्येक क्लासच्या पायरीवर ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

जेईई मेनमध्ये ३ तासांत ७५ प्रश्न असतात, प्रत्येकाला साधारण २ मिनिटं २४ सेकंद. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. सीईटीत त्याच ३ तासांत दुप्पट, म्हणजे १५० प्रश्न आणि चुकीला काहीच वजा नाही. एका परीक्षेत खोलात शिरावं लागतं, दुसरीत झपाट्याने पुढे सरकावं लागतं. शिवाय मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग हे मॅथ्सचे दोन सोपे धडे, आणि केमिस्ट्रीतले पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री जेईई मेनच्या आताच्या अभ्यासक्रमात नाहीत. सीईटीत आहेत. फक्त जेईईच्या मागे असलेली मुलं नेमके हेच हातचे गुण सोडतात.

माझं स्पष्ट मत असं आहे : बारावीच्या दिवाळीपर्यंत जेईईच्या सराव परीक्षांत गुण हलत नसतील, तर सीईटी मुख्य धरा. यात कमीपणा काहीच नाही. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, अंधेरीचं एसपीआयटी यांचे प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात. घराजवळ नेरुळ, वाशी, ऐरोली, खारघर, घोडबंदर रोड इथली कॉलेजंही आहेतच.

पायरी २ : बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा

सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते. क्लासचे जाडजूड मॉड्यूल्स घरात येतात आणि बालभारतीची पुस्तकं कपाटात जातात, हे फार चुकीचं होतं. केमिस्ट्रीत तर पुस्तकातलं वाक्य जवळपास जसंच्या तसं प्रश्न बनून येतं : एखाद्या मिश्रधातूचे घटक, कॅटॅलिस्ट कोणता, अमुक रिअ‍ॅक्शनचं नाव काय. चौकटीतला मजकूर, तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी, सगळं वाचा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तक घरी राहिलं ही सबब चालणार नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. मॅथ्सची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. अकरावीच्या सुरुवातीलाच एक छोटी वही करा आणि प्रत्येक धड्यातले इंग्रजी शब्द अर्थासह तिच्यात लिहीत जा. कळवा-दिघ्यातल्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावते. दोन-तीन महिन्यांत भाषेची अडचण मागे पडते.

पायरी ३ : अकरावी सोडू नका

प्रश्नपत्रिकेत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक विषयात १० प्रश्नांच्या आसपास. मॅथ्सच्या प्रश्नाला २ गुण आणि बाकीच्यांना १, हे धरलं तर २०० पैकी ४० गुण झाले. आणि तेही मोजक्या धड्यांवर, कारण सीईटीला अकरावीचं सगळं पुस्तक नसतं. परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून यंदाचा अभ्यासक्रम काढा, धड्यांच्या नावांवर खुणा करा, आणि बारावीच्या वर्षात रविवारची सकाळ फक्त त्यांना द्या.

पायरी ४ : प्रत्येक धडा घड्याळ लावून संपवा

ही पायरी सगळ्यांत मोठी, म्हणून सावकाश वाचा.

धडा शिकून झाला की पहिले ३०-४० प्रश्न वेळ न लावता सोडवा. इथे घाई करायची नाही. पद्धत पक्की होऊ द्या. दोन दिवसांनी त्याच धड्याचे नवे प्रश्न घ्या. मॅथ्सचे २५ प्रश्न ४५ मिनिटांत. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीचे २० प्रश्न १८ मिनिटांत. वेळ संपली की पेन खाली, मग प्रश्न अर्धवट राहिला तरी.

या सेटमध्ये तीन फेऱ्या करायला शिका. पहिल्या फेरीत फक्त ते प्रश्न, ज्यांची वाट वाचताक्षणी दिसते. दुसरीत ते, ज्यांची पद्धत माहीत आहे पण आकडेमोड लांब आहे. तिसरीत उरलेले. प्रश्न वाचून १५-२० सेकंदांत पहिली ओळ सुचली नाही, तर तो पुढच्या फेरीत ढकलायचा. सुरुवातीला हे जिवावर येतं, विशेषतः हुशार मुलांच्या. प्रश्न सोडून पुढे जाणं त्यांना हरल्यासारखं वाटतं. पण मॅथ्सच्या एका हट्टी प्रश्नात पाच मिनिटं गेली, तर दोन-तीन सोप्या प्रश्नांचे ४ ते ६ गुण गेले.

वेळ वाचतो तो पाठांतरापेक्षा ओळखण्याने. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये शून्य ते पाय बाय टू अशी मर्यादा, वर रूट साइन एक्स आणि खाली रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स. हा नमुना डोळ्यांनी ओळखला की उत्तर पाय बाय फोर, लिहायचं काही नाही. पण मर्यादेच्या बेरजेची प्रॉपर्टी (एक्सच्या जागी दोन्ही मर्यादांची बेरीज वजा एक्स घातलं तरी किंमत तीच राहते) आधी वहीत पूर्ण सिद्ध केलेली असली पाहिजे, नाहीतर प्रश्न जरा बदलला की हात थांबतो. फिजिक्समध्येही तसंच. २७ सारखे थेंब मिळून एक मोठा थेंब झाला : आकारमान २७ पट, त्रिज्या ३ पट, पृष्ठफळ ९ पट. आधी एकूण पृष्ठफळ एका थेंबाच्या २७ पट होतं, आता ९ पट, म्हणून सरफेस एनर्जी एक-तृतीयांश उरली. हे तोंडी वीस सेकंदांत होतं. सूत्रात किमती भरत बसलात तर दीड मिनिट लागतं.

मॅथ्समध्ये पर्यायांचाही उपयोग करा. ट्रिगनॉमेट्रीत एखादा सोयीचा कोन घाला, डिफरन्शिअल इक्वेशनचं उत्तर हवं असेल तर पर्याय समीकरणात ठेवून पाहा. काही शिक्षकांना हे आवडत नाही. मला वाटतं, बोर्डाच्या पेपरात पायऱ्या लिहा आणि सीईटीत सगळी हत्यारं वापरा.

कॅल्क्युलेटर मिळत नाही. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, रूट २ म्हणजे १.४१४, रूट ३ म्हणजे १.७३२ हे जिभेवर हवं. केमिकल कायनेटिक्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची गणितं त्यावरच सुटतात. पर्यायांमध्ये अंतर जास्त असेल तर अंदाजाने भागा, शेवटच्या दशांशापर्यंत जाऊ नका.

आणि वजा गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रत्येक भागाची शेवटची दोन मिनिटं फक्त उरलेल्या प्रश्नांवर पर्याय टिपायला ठेवा.

पायरी ५ : चुकांची वही

प्रत्येक सेटनंतर चुकलेला प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी कारण लिहा : संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ पुरला नाही. चारही कारणांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी पुस्तकाकडे परत जायचं. दुसऱ्यासाठी कच्चं काम एका ओळीखाली एक, नीट लिहायची सवय लावायची. तिसरं सर्वाधिक दिसतं ते ‘खालीलपैकी कोणतं चूक आहे’ अशा प्रश्नांत, तिथे बोट ठेवून वाचा. चौथ्यासाठी पुन्हा पायरी ४.

पायरी ६ : प्रवासाचा वेळ ओळखून वापरा

दिव्याहून ठाण्याला, घणसोलीहून वाशीला, कासारवडवलीहून स्टेशनपर्यंत, कॉलेज आणि क्लास धरून रोजचे दोन तास सहज जातात. ट्रान्स-हार्बरला बसायला जागा मिळाली तर ऑरगॅनिकचे रिएजंट किंवा फिजिक्सची सूत्रं लिहिलेली कार्डं काढा. उभं राहावं लागलं तर काही काढू नका. सकाळी शिकलेला धडा मनात पहिल्यापासून आठवा, जिथे अडेल ते घरी गेल्यावर बघा. नवा विषय प्रवासात कधीच नको.

घर लहान असेल आणि टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडं यांच्यात बसणं होत नसेल, तर जवळच्या अभ्यासिकेत रोजची ठरलेली वेळ पकडा. आईबाबांना माझी विनंती : शेजारच्या मुलाच्या टक्क्यांची चर्चा मुलांसमोर करू नका, आणि रात्री अकरानंतर जागण्याचं कौतुक करू नका. झोप कमी पडली की आकडेमोडीच्या चुका वाढतात. चुकांच्या वहीत ते स्पष्ट दिसतं.

पायरी ७ : बोर्डानंतरचे आठवडे

बोर्डाची परीक्षा संपली की पूर्ण ३ तासांच्या सराव परीक्षा सुरू करा. आठवड्याला दोन-तीन पुरे. जितका वेळ परीक्षेला, तितकाच वेळ ती तपासायला द्या, नाहीतर रोज एक देऊनही गुण तिथेच राहतात. त्या संगणकावरच द्या. स्क्रीनवर वाचून कागदावर सोडवणं हे वेगळं कसब आहे आणि मोबाइलवर ते येत नाही. घरी लॅपटॉप नसेल तर क्लासमध्ये किंवा मित्राकडे सोय बघा. प्रवेशपत्रावर सकाळचं सत्र आलं असेल तर सकाळी, दुपारचं असेल तर दुपारी बसा. जेवणानंतर डोकं कसं चालतं, तेही आधी कळलेलं बरं.

पहिल्या ९० मिनिटांत मी केमिस्ट्री आधी घ्यायला सांगते. तिथले पाठांतराचे प्रश्न २०-३० सेकंदांत होतात, आणि वाचलेला वेळ फिजिक्सच्या गणितांना मिळतो. तुमची फिजिक्स जास्त पक्की असली तरी एकदा करून पाहा, गुण मोजा, मग ठरवा.

परीक्षा बऱ्याच दिवसांत आणि सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो : तुमच्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात. मैत्रिणीचा पेपर सोपा गेला म्हणून खचू नका. तिच्या सत्रात तो सगळ्यांनाच सोपा गेला असेल.

पायरी ८ : केंद्र आणि कागदपत्रं

केंद्र कळलं की एक दिवस आधी जाऊन या. ऐरोली-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात इमारत शोधायलाच अर्धा तास जातो. परीक्षा रविवारी असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. घोडबंदर रोडवरून येणार असाल तर कोंडीसाठी तासभर जास्तीचा धरा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र रात्रीच पिशवीत ठेवा.

कागदपत्रांचं काम मात्र निकालाची वाट न बघता बारावीच्या पहिल्या सहामाहीतच सुरू करा. अधिवास दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र. वैधतेला खूप वेळ लागतो, आणि नॉन-क्रीमी लेयरवर मुदतीची तारीख असते, ती तपासा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ असलेल्या टीएफडब्ल्यूएस जागांसाठी उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. या जागांची माहिती नसल्यामुळे चांगले गुण असलेली मुलं अर्जात तो पर्याय भरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅप फेरीचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या फेरीचा, पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा, पण यादी तुमच्या इच्छेच्या क्रमाने लावा. कटऑफ जास्त आहे म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका, त्याने काहीच मिळत नाही. आणि पहिल्या क्रमांकावर तेच नाव लिहा जिथे तुम्हाला खरंच जायचं आहे. तो पहिलाच पर्याय मिळाला, तर ती जागा तुमच्यासाठी अंतिम होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही.