आतल्या सिद्धाशी संवाद कसा साधावा

जगभरच्या पुराणकथांत, लोककथांत आणि स्वप्नांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमांना स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग (1875–1961) यांनी आर्किटाइप म्हटले. मराठी समीक्षेत त्यासाठी आदिबंध हा शब्द रुळला आहे. अडलेल्या नायकाला आडवाटेवर भेटणारा, मंत्र किंवा वस्तू देणारा आणि त्याआधी त्याला दोन प्रश्न विचारणारा वृद्ध जादूगार हा त्यांपैकीच एक. त्याच्या चमत्कारांपेक्षा त्याचे प्रश्न अधिक मोलाचे असतात, आणि ते प्रश्न स्वतःच्या मनातून कसे ऐकावेत हेच येथे सांगायचे आहे.

पहिले काम म्हणजे आकृती निवडणे. सोलापूरच्या माणसाला त्यासाठी टोकदार टोपीचा परदेशी जादूगार उसना आणण्याची गरज नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाने हे गाव ओळखले जाते, आणि गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाच्या. काठी हातात असलेला सिद्ध आपल्या मनात लहानपणापासूनच वस्तीला आहे. बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेतील एक कथा मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. सिद्धराम तलावाच्या आणि देवळांच्या कामात बुडालेले असताना शरण संत अल्लमप्रभू तेथे आले आणि ‘तो माती खणणारा कुठे आहे?’ असे त्यांनी विचारले. शिष्य चिडले, त्यांनी दगडही मारले. सिद्धरामांनी मात्र अखेर तो प्रश्न स्वतःला लावून घेतला आणि ते अल्लमप्रभूंसोबत कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले. ज्याला गाव सिद्ध मानत होते त्यालाही टोचणारा प्रश्न विचारणारा कोणीतरी लागला, ही गोष्ट साधकाने लक्षात ठेवावी.

म्हणून ज्याच्यापुढे खोटे बोलण्याची लाज वाटते, अशीच आकृती निवडावी. एखाद्या देवतेपुढे बसल्यावर आपोआप तोंडून नवस निघत असेल, तर देवता बाजूला ठेवून आजी, जुने शिक्षक किंवा गल्लीतील एखादा वृद्ध विणकर मनात आणावा.

प्रत्यक्ष सरावासाठी युंग यांचीच पद्धत उपयोगी पडते. 1913 साली मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी फारकत झाल्यानंतरच्या अस्वस्थ काळात त्यांनी मनात उठणाऱ्या प्रतिमांना मुद्दाम वाट करून दिली आणि त्यांच्याशी झालेले संवाद लिहून ठेवले. खंड्या पक्ष्याचे पंख असलेला फिलेमोन नावाचा वृद्ध त्यांना अशाच प्रतिमांत भेटला. त्याचे त्यांनी चित्रही काढले. या पद्धतीला त्यांनी पुढे सक्रिय कल्पना म्हटले. रोजची एक ठरावीक वेळ निवडावी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, वही आणि पेन घेऊन बसावे आणि श्वास संथ झाल्यावर निवडलेली आकृती समोर आणावी. प्रश्न वहीत लिहावा, उत्तराची वाट पाहावी आणि जे येईल ते न सुधारता लिहावे. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात.

सारे काही प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असते. समजा, सोलापूरच्या पूर्व भागातील एका कारखानदाराला यंत्रमाग विकून पुण्याला मुलाकडे जावे की नाही, हे ठरवता येत नाही. त्याने ‘माग विकू का?’ असे लिहिले, तर हो किंवा नाही एवढेच हाती येईल आणि तेही बहुधा त्याला हवे तेच असेल. मनातल्या वृद्धाला तो बोलू देईल, तर कदाचित उलटा प्रश्न येईल: ‘धोटा थांबला की तुला कशाची भीती वाटते?’ मग तो लिहील, ‘मागाचा आवाज थांबला, तर घरात मला कोण विचारील?’ येथे माग विकण्याचा प्रश्न मागे पडतो आणि मुलाच्या घरी आपली जागा काय, हा खरा प्रश्न उघडा होतो. त्यावर मुलाशी बोलता येते. मागांच्या किमतीवर कितीही बोलले तरी ते झाले नसते.

आतून आलेला प्रत्येक आवाज जाणत्याचा नसतो. जो आपली स्तुती करतो, घाई करायला लावतो किंवा सारा दोष दुसऱ्यावर टाकतो, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे पण मानू नये. जाणत्याचे बोलणे बहुधा थोडके, शांत आणि किंचित अवघड वाटणारे असते.

खरा धोका पुढे आहे. या आकृतीशी बोलता बोलता आपणच सिद्ध झालो, असे वाटू लागते. अशा तादात्म्याने अहंकार फुगतो, असा इशारा युंग यांनी स्पष्टपणे दिला आहे. पतंजलींनीही योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीतील विघ्ने म्हटले आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची कथा आपल्याला पाठ आहे: चौदाशे वर्षे जगून कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या आणि ज्ञानदेवांनी त्यांना पासष्ट ओव्या लिहिल्या. लोकांना सल्ले देण्याची ओढ वाढू लागली, तर काही दिवस वही बंद ठेवून केवळ घरची आणि व्यवसायाची कामे करावीत. झोप उडाली, आवाज कानांनी ऐकू येऊ लागले किंवा ते हुकूम सोडू लागले, तर सराव ताबडतोब थांबवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. पैसे घेऊन सिद्धी मिळवून देतो असे सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये; अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे.

प्रत्येक संवादातून एक लहान कृती निघाली पाहिजे आणि ती आठवड्याच्या आत व्हावी: टाळलेला फोन, फेडायचे राहिलेले उसने पैसे, मागायची राहिलेली क्षमा. सिद्धरामेश्वरांनी वचने रचली आणि तलावही खणला, हे येथे आठवावे. महिनाअखेरीस वही सुरुवातीपासून वाचावी, झालेल्या कृतींपुढे खूण करावी, आणि जो प्रश्न तीनदा येऊनही खुणेवाचून राहिला असेल, तोच पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर लिहावा.