पेनड्राइव्हमध्ये फाइल नव्हतीच!

आईच्या पाककृतींची वही मी वर्षभर टाइप करत होते. छापायला द्यायच्या दिवशी डेस्कटॉपवरची फाइल पेनड्राइव्हवर टाकली आणि दुकान गाठलं. तिथल्या कॉम्प्युटरवर ती उघडेचना. दुकानदार म्हणाला, "ताई, हा नुसता शॉर्टकट आहे. साइज बघा, २ केबी." पोटात गोळाच आला.

घरी येऊन आयकॉन नीट पाहिला. खाली डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी नेली म्हणून घर सोबत येत नाही. राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडलं, तर मूळ फाइल डी ड्राइव्हवर 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप! तिचीच कॉपी घेतली. साइज पाहिली, फोटोंसकट ४८ एमबी. मगच पेनड्राइव्ह काढला.

त्याच रात्री डेस्कटॉप आवरला. खऱ्या फाइली डॉक्युमेंट्समध्ये, डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट. शॉर्टकट डिलीट केला तरी मूळ फाइल जात नाही, हे आईलाही करून दाखवलं. मूळ फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली की मात्र पत्ता चुकू शकतो. (मॅकवरचा एलियस, म्हणजे तिथला शॉर्टकट, त्याच डिस्कवर हलवलेली फाइल शोधून काढतो, ते मला फार आवडतं.)

माझं स्पष्ट मत आहे, तो बाण इतका बारीक नको. आणि शॉर्टकट पेनड्राइव्हवर टाकताना कॉम्प्युटरने विचारायलाच हवं: 'मूळ फाइल पाठवू का?'