गॅस कमी नव्हता

आयटीआयचा निकाल लागला की ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, घरगुती स्प्लिट एसीच्या सर्व्हिसिंगला लागू की कमर्शियलला जाऊ?" मी डोळे झाकून कमर्शियल सांगतो. स्प्लिटमध्ये दिवसाला सात-आठ कॉल, खांद्यावर जेट पंप, आणि वर्षभराने तुम्हाला तेवढंच येतं जेवढं तिसऱ्या महिन्यात येत होतं. कमर्शियलमध्ये डक्टेबल, चिलर, व्हीआरएफ अशा दुकानं-इमारतींच्या मोठ्या यंत्रणा, त्यांत शिकायला जन्म पुरत नाही. फक्त इथली चूक महागात पडते. माझी किती महागात पडली ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं कुठल्याही सिनियरकडून कळेल. हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

नोकरीला अकरा महिने झाले होते. एप्रिल, लग्नसराई, पुण्यातलं साड्यांचं दोन मजली शोरूम. वरच्या मजल्यावर साडेआठ टनाचं डक्टेबल (डक्टमधून हवा देणारं मशीन), आर-२२ या जुन्या गॅसवरचं. तक्रार नेहमीची: "कूलिंग नाही." गेज लावला. सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) ४८ पीएसआय, डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्याचा) २२०. आर-२२ ला सक्शन ६५-७० च्या आसपास हवं, हे वर्गात पाठ केलेलं. म्हणजे गॅस कमी. मालक बाजूलाच उभे होते, त्यांनीही तेच सांगितलं, "मागच्या वर्षी पण गॅसच भरला होता." मी सिलिंडर लावला आणि दोन किलो आत घातला. सक्शन ६२ वर आलं, ग्रिलमधून जरा बरी हवा यायला लागली. पॅनलच्या दाराच्या आत मार्करने लिहिलं, ‘गॅस २ किलो टॉप-अप’, खाली तारीख आणि सही. कॉल क्लोज.

आठ दिवसांनी एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) टीम गेली. त्यांनी चिंध्या झालेला, ढिला पडलेला ब्लोअरचा बेल्ट बदलला, धुळीने गच्च झालेले फिल्टर धुतले. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस डिग्रीच्या उन्हात मशीन एचपीवर, म्हणजे डिस्चार्जचा दाब फार वाढला म्हणून, ट्रिप. रिसेट केलं की वीस मिनिटं चालायचं, पुन्हा ट्रिप. शनिवारची संध्याकाळ, दुकानात नवरीकडची माणसं पंखे मागतायत, मालकांचा आवाज चढलेला. मी एचपी स्विचच्या दोन वायरी काढून एकत्र जोडल्या. "सोमवारी येऊन बघतो शेठ." सोमवारी गेलो तेव्हा कॉम्प्रेसर जळालेला होता. माझ्या पगारातून आठ महिने पैसे कापले गेले.

आता हे सावकाश वाचा. वाटल्यास दोनदा.

गॅस कमी नव्हताच. पहिल्या दिवशी आतल्या गार कॉईलवरून हवा जात नव्हती. बेल्ट घसरतोय, फिल्टर चोक, म्हणजे कॉईलला खोलीतली उष्णता मिळतच नाही. उष्णता नाही तर आतलं लिक्विड उकळणार कशाने? मग सक्शन खाली येतं. गेजला यातलं काही कळत नाही, तो फक्त ४८ दाखवतो. गॅस गळाला तरी ४८, हवा अडली तरी ४८, ड्रायर (गॅसच्या लाइनीतला फिल्टर) चोक झाला तरी ४८. ताप आला म्हणजे मलेरियाच असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही, आपण मात्र बिनधास्त म्हणतो.

मी केलं काय, तर हवा कमी असलेल्या मशीनमध्ये प्रेशर ‘बरोबर’ येईपर्यंत गॅस कोंबला. पुढे हवा पूर्ववत झाली तेव्हा दोन किलो जास्तीचा गॅस आतच. तो कंडेन्सरमध्ये (बाहेरच्या गरम कॉईलमध्ये) लिक्विड होऊन साचतो, कंडेन्सिंगला जागा उरत नाही, डिस्चार्ज ४०० च्या वर जातो. एचपी स्विच तेवढ्यासाठीच असतो आणि त्याचं काम तो चोख करत होता. त्याचं तोंड मी बंद केलं.

ओळखायचं कसं? गेजच्या जोडीला पाइपला लावायचा क्लिपचा थर्मामीटर घ्या. फार महाग नसतो. आर-२२ ला ४८ पीएसआय म्हणजे साधारण उणे ४ डिग्रीला उकळणारा गॅस. त्या वेळी सक्शन पाइपचं तापमान मोजलं असतं आणि ते ० किंवा १ आलं असतं, तर सुपरहीट (पाइपचं तापमान वजा उकळायचं तापमान) जेमतेम चार-पाच. म्हणजे कॉईल लिक्विडने भरलेली आहे, गॅस मुबलक आहे, त्याला उष्णता मिळत नाही. तोच पाइप १४ डिग्री दाखवत असता, तर सुपरहीट अठरा. कॉईल उपाशी आहे. मग गॅस कमी असण्याची शक्यता खरी, किंवा मधे कुठे तरी चोक. हा चोक आहे की गळती, हे लिक्विड लाइनवर सबकूलिंग (लिक्विड कंडेन्सिंगच्या तापमानाखाली किती गार झालंय ते) बघून कळतं: सबकूलिंग जवळजवळ नाही तर गॅस कमी, चांगलं भरपूर आहे तर ड्रायर किंवा एक्सपान्शन वाल्व बघा. कॅपिलरीच्या (साध्या बारीक नळीच्या) मशीनला हवा अडली की सुपरहीट पार खाली येतं. टीएक्सव्ही (गरजेप्रमाणे लिक्विड सोडणारा एक्सपान्शन वाल्व) असेल तर तो सावरून धरतो, म्हणून तिथे एकट्या सुपरहीटवर जाऊ नका.

त्याहून सोपं म्हणजे हवेचं तापमान. रिटर्न ग्रिलला (हवा आत खेचणाऱ्या) मोजा, सप्लायला (गार हवा सोडणाऱ्या) मोजा. फरक साधारण ८ ते १२ डिग्री असतो. ग्रिलमधून बर्फासारखी गार पण मुंगीच्या पावलाने हवा येत असेल आणि फरक १५-१६ असेल, तर हवा अडली आहे. हवा धो धो येतेय पण फरक चारच, तर गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा विचार करा. त्या दिवशी मी ग्रिलखाली हात जरी धरला असता तरी कळलं असतं. मी थेट आउटडोअरकडे गेलो, कारण गेज तिथे लागतो आणि गेज लावला की आपण टेक्निशियन दिसतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: फिल्टर, बेल्ट, ब्लोअर कुठल्या दिशेला फिरतोय ते, कॉईलवर बर्फ आहे का. बर्फ असेल तर कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर चालवा, पूर्ण वितळू द्या आणि मगच रीडिंग घ्या. खाली फॉल्स सीलिंग असेल तर ड्रेन आधी बघा, नाहीतर वितळलेलं पाणी ग्राहकाच्या टेबलावर. गेज सगळ्यात शेवटी.

आणि गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय. फ्लेअर नट, यू-बेंड, व्हायब्रेशनने घासलेला पाइप, तेलकट डाग दिसेल तिथे साबणाचा फेस लावा. लिकेज न शोधता ‘दरवर्षी टॉप-अप’ करणारे आपल्या धंद्यात भरपूर आहेत आणि ते माझ्यापेक्षा जास्त कमावतात, हेही सांगून ठेवतो. शोधलेल्या लिकेजचं बिल ग्राहकाला समजावायला अर्धा तास जातो, गॅसचं बिल त्याला आधीच पाठ असतं.

घाबरू नका. हे वाचून कुणी स्प्लिटकडे वळू नका. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या हातून काहीतरी जळतंच. माझ्या बरोबरीच्या एकाने थ्री-फेज स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरवला होता. बाहेर केबलचं काम झालं, फेज बदलले, मशीन विचित्र घरघरायला लागलं, सक्शन-डिस्चार्ज जवळपास सारखंच. कॉम्प्रेसर गेला म्हणून त्याने कोटेशनच देऊन टाकलं. दोन फेज अदलाबदल करून मशीन पाच मिनिटांत सुरू झालं. लाज गेली, पैसे नाही गेले.

एका बाबतीत मात्र मी कुणाला सवलत देत नाही. लिकेज टेस्टला ऑक्सिजन कधीच नाही. साइटवर नायट्रोजन संपला आणि ब्रेझिंगचा (पाइप जोडायचा) ऑक्सिजन सिलिंडर समोर दिसतोय, मोह होतो. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकायचं नाही, साइट सोडून बाहेर चहा प्यायला जायचं. नायट्रोजनही रेग्युलेटरशिवाय नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो.

व्हॅक्युमचंही, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढण्याचंही, थोडं असंच आहे. सुई ३० इंचावर गेली की पोरं पंप बंद करतात. त्या सुईला ओलावा दिसत नाही. मायक्रॉन गेज लावून ५०० च्या खाली न्या, पंप बंद करून ते टिकतं का बघा. चढत जाऊन मधेच थांबलं तर ओलावा, चढतच राहिलं तर लिकेज. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर यात काटछाट करूच नका. आर-४१०ए या नव्या गॅसबरोबर येणारं पीओई तेल हवेतला दमटपणा स्पंजसारखं शोषतं.

वस्तादांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. जो रीडिंग घेताना पाठ करून उभा राहतो आणि "तू स्पॅनर दे" एवढंच म्हणतो, त्याच्याकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. मला खरं शिकवलं ते एका हॉस्पिटलच्या प्लांट रूममधल्या ऑपरेटर मामांनी. दहावी नापास, पण दर तासाला चिलरची (पाणी गार करणाऱ्या मशीनची) लॉगशीट स्वतःच्या हाताने भरणार. एकदा मला म्हणाले, "हे बघ, जानेवारीत कंडेन्सरचा अप्रोच दोन होता, आता साडेचार झालाय. नळ्यांना क्षार धरलाय." अप्रोच म्हणजे कंडेन्सिंगचं तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक. मशीन तेव्हा छान चालत होतं, कुणाची तक्रार नव्हती. नळ्या उघडल्या तर आत पांढरा थर. टँकरच्या जड पाण्याने कूलिंग टॉवरच्या लाइनीला हेच होतं. बिघाड व्हायच्या आधी कागदावर दिसतो, हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं. मामांनी पेन हातात दिलं आणि महिनाभर लॉग माझ्याकडून भरून घेतला. खाडाखोड केली की रागवायचे.

त्याच हॉस्पिटलमध्ये हीटिंगशीही गाठ पडली. आपल्याकडे हीटिंग कुठे, असं वाटतं ना? जुलैत ऑपरेशन थिएटरची आर्द्रता खाली आणायची तर हवा आधी खूप गार करून पाणी काढावं लागतं, मग डक्टमधल्या हीटरने ती पुन्हा थोडी गरम करायची. त्या हीटरचा एअरफ्लो इंटरलॉक (हवा थांबली की हीटर बंद करणारा स्विच) आणि ओव्हरहीट कटआउट दर व्हिजिटला प्रत्यक्ष तपासा. ब्लोअर बंद आणि हीटर चालू, म्हणजे डक्टमध्ये आग. इथेही स्विच ‘तात्पुरता’ जोडून ठेवलेला मला सापडलेला आहे. वायर जोडण्याची पद्धत अगदी माझ्यासारखीच होती.

जुनं काढून नवं बसवण्याची कामं पुढची बरीच वर्षं भरपूर असणार आहेत. मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ भारतातून २०३० पर्यंत हद्दपार होतोय. ग्राहक म्हणेल, "त्याच मशीनमध्ये नवा गॅस भरा ना." आर-३२ किंवा ४१०ए जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये भरायचा नाही. दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, आणि आर-३२ थोडा ज्वलनशीलही. ४१०ए हा दोन गॅसचं मिश्रण, तो सिलिंडरमधून लिक्विडच काढायचा आणि वजनकाट्यावर मोजून भरायचा. जुनं साडेआठ टनाचं होतं म्हणून नवंही साडेआठ, असंही करू नका. मधल्या दहा वर्षांत दुकानातले हॅलोजन गेले, एलईडी आले, काचा वाढल्या. हीट लोड पुन्हा काढा, तासाभराचं काम आहे.

सर्टिफिकेटचं विचारतात. २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं. तसा कोर्स जवळ मिळाला तर जरूर करा, हॉस्पिटल आणि आयटी पार्कच्या टेंडरमध्ये कागद बघतात. पण मुलाखतीत मी आजही एकच प्रश्न विचारतो: आर-२२, सक्शन ४८, काय कराल? दहातले आठ जण सिलिंडरकडे जातात. जो विचारतो "साहेब, फिल्टर बघितले का?" त्याला मी बाकी काही विचारत नाही.

मागच्या मार्चमध्ये त्याच शोरूमचं युनिट उतरवायचं काम आमच्याकडे आलं. आता मी तिथे स्वतःच्या फर्मचा माणूस म्हणून गेलो होतो, शेठनी ओळखलं नाही. गच्चीवरून खाली आणताना पॅनलचं दार निघून हातात आलं. मार्करचं लिखाण पुसट झालं होतं, पण सही वाचता येत होती. बरोबरचा पोरगा म्हणाला, "दादा, हे अक्षर तुमच्यासारखंच आहे." भंगारवाल्याने दार काट्यावर टाकलं, अडीच किलो भरलं.