क्लोरीनमीटर शून्य दाखवतोय? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून अर्धा तास झाला, पाण्याला उग्र वास येतोय आणि मीटरवर ०.००. अशा वेळी डोस वाढवणं ही सर्वांत मोठी चूक.

मीटरच्या कुपीतल्या नमुन्यात टाकायची डीपीडी पावडर (तपासणीचं रसायन) क्लोरीनशी मिळून गुलाबी रंग देते. त्या रंगाने सुमारे ५१५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश किती शोषला, एवढंच मीटर मोजतो. क्लोरीन बेसुमार असला तर तो हा रंगच उडवून टाकतो. म्हणून पावडर टाकताना कुपीवरची नजर हलवू नका. क्षणभर गुलाबी छटा येऊन विरली, तर क्लोरीन मीटरच्या मर्यादेबाहेर आहे. २ मिली नमुन्यात ८ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा तपासा आणि रिडिंगला ५ ने गुणा. तरीही रंग उडाला तर १ मिली नमुना ५० मिलीपर्यंत पातळ करा, त्यातले १० मिली घ्या, ५० ने गुणा. उत्तर अंदाजे येईल, पण डोस ठरवायला पुरे. डिस्टिल्ड वॉटर आधी नुसतंच तपासा. तेच गुलाबी झालं तर पुढचं सगळं व्यर्थ.

शून्य येण्याचं दुसरं कारण बाटलीत असतं. जैविक तपासणीच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, आणि ते घातलेलंच असतं क्लोरीन संपवायला. त्या बाटलीतलं पाणी इथे वापरू नका. नमुना उन्हात ठेवू नका, तपासणी नळापाशीच उरका.

मुक्त क्लोरीनचं, म्हणजे कशाशी जोडल्या न गेलेल्या क्लोरीनचं रिडिंग पावडर टाकल्यापासून १ मिनिटाच्या आत घ्या. उशीर झाला की क्लोरामाइनही (क्लोरीन आणि अमोनियाची संयुगं) रंग देऊ लागतात आणि आकडा फुगतो. एकूण क्लोरीनची (मुक्त अधिक जोडलेला) पावडर वेगळी, तिला ३ मिनिटं द्या. तिच्यात पोटॅशियम आयोडाइड असतं. ते कुपीत नावालाही उरलं, तरी पुढचं मुक्त क्लोरीनचं रिडिंग वाढीव येतं. खुणा करून दोन कुप्या वेगळ्या ठेवा. नुसतं खळबळून भागत नाही.

मीटर झिरो करायचं, म्हणजे शून्यावर आणायचं, ते त्याच पाण्यावर, पावडर न टाकता. पावसाळ्यात डिस्टिल्ड वॉटरवर झिरो केलं तर नमुन्याचा गढूळपणाही क्लोरीन म्हणून मोजला जातो. बोटांचे ठसे, चरे, बुडबुडे, थंड पाण्यामुळे काचेवर धरलेला दव, सगळं प्रकाश अडवतं. कुपी कोरड्या कापडाने पुसा, तिच्यावरची खूण दोन्ही वेळा एकाच जागी ठेवा, झाकण लावा.

बोअरच्या पाण्यात मँगेनीज असलं तर क्लोरीनमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि तेही डीपीडीला गुलाबी करतं. क्लोरीन संपला तरी रंग येतच राहतो, तेव्हा असा नमुना प्रयोगशाळेत दाखवा.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन हवा. टाकीखालच्या नळाला तो सहज मिळतो. पाहायचा तो लाइनच्या शेवटच्या घरात.

मीटरसोबत येणाऱ्या रंगीत मानक कुप्यांचे आकडे बरोबर आले म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या फक्त मीटर तपासतात. पावडर तपकिरी पडली असेल तर ते या कुप्यांवरून कळणार नाही.