मीटर मागे फिरवलेली जुनी गाडी: डीलरकडून पैसे असे परत मिळाले

जाहिरातीत ४२,००० किमी. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दोन वर्षांपूर्वीच ७८,०००. फोन, व्हॉट्सॲप, दुकानात खेटे, सगळं फुकट. डोकं फिरायची वेळ आली.

कामी आलं ते असं. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जॉबकार्डांची (प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदीची) प्रिंट, तारीख-किमी आणि शिक्क्यासकट. केस उभी राहते ती यावरच. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, चॅट जोडून डीलरला स्पीड पोस्टने नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरी हलला नाही, तेव्हा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, अर्ज करायची मुदत २ वर्षं. आयोगाची नोटीस पोचताच डीलर तडजोडीला आला. पैसे खात्यात जमा झाल्यावरच फॉर्म २९, ३० (गाडीची मालकी बदलण्याचे अर्ज) वर सही करा. खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला मात्र हा मार्ग सहसा चालत नाही.