नेटवर्कची जाहिरात पाहून सिम बदलताय? या चुका टाळा

जाहिरातीतील रंगीत नकाशा पाहून त्याच संध्याकाळी नंबर पोर्ट करणारी आणि आठवड्याभरात ‘घरात रेंजच येत नाही’ म्हणून हताश होणारी माणसे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ‘टॉवर कुठवर पोहोचतो?’ या प्रश्नाचे उत्तर नकाशा देतो. ‘मी जिथे बसून बोलतो तिथे फोन लागेल का?’ हा आपला प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

त्यामुळे नकाशालाच पुरावा मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बहुतेक नकाशे टॉवरची जागा, फ्रिक्वेन्सी आणि जमिनीचे चढउतार संगणकाला देऊन काढलेल्या अंदाजावरून रंगवलेले असतात, आणि तो अंदाज बहुधा उघड्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. अमेरिकेतील एफसीसी या नियामक संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी काही कंपन्यांचे नकाशे गाडीने फिरून तपासले, तेव्हा नकाशानुसार अपेक्षित असलेला किमान डाउनलोड वेग केवळ ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला, असे २०१९ च्या अहवालात नोंदले आहे. ते नकाशे तर नियामकासमोर सादर केलेले होते; जाहिरातीतल्या नकाशावर किती विसंबायचे, ते यावरून ठरवावे.

मी स्वतः हा धडा आईच्या आजारपणात शिकलो. एका कंपनीच्या नकाशावर आमचा सगळा परिसर गडद रंगात दिसत होता, म्हणून चौकशी न करता मी तिचा नंबर त्या कंपनीकडे वळवला. चार दिवसांनी दुपारभर तिचा फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ होता, आणि मी कामावरून धावत घरी पोहोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत मला पुनःपुन्हा फोन लावत बसली होती. मग मी सिग्नल मोजला. खिडकीपाशी उणे ९२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) आणि तिच्या पलंगापाशी उणे ११८, म्हणजे मधल्या दोन भिंतींनी सिग्नलची ताकद सुमारे चारशे पटींनी घटवली होती. तेव्हापासून घरातील कोणाचाही नंबर हलवण्याआधी मी नव्या कंपनीचे प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये आठवडाभर वापरतो आणि पलंग, स्वयंपाकघर, जिना, लिफ्टजवळची जागा अशा ठिकाणी, सकाळी आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळीही, प्रत्यक्ष फोन लावून पाहतो. एवढा आठवडा थांबण्याची तयारी नसेल, तर कंपनी बदलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘९९ टक्के लोकसंख्येपर्यंत’ हा दावा ‘९९ टक्के भूभागावर’ असा वाचू नये. लोक दाटीने राहतात, म्हणून थोड्या भूभागावर टॉवर उभारूनही लोकसंख्येची टक्केवारी फुगते. घाटातून किंवा रानातून नेहमी प्रवास करणाऱ्याला तिचा उपयोग नसतो.

फोनच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्ट्या मोजून दोन कंपन्यांची तुलना करू नये. किती सिग्नलला किती पट्ट्या दाखवायच्या, याचे सर्वांना बंधनकारक असे प्रमाण नाही, आणि आपले सूत्र चुकीचे असून त्यामुळे जास्त पट्ट्या दिसत होत्या, हे २०१० मध्ये आयफोन ४ च्या वेळी अॅपलनेच मान्य केले होते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीखाली बहुधा डीबीएमचा आकडा सापडतो. ४जीवर उणे ९० च्या आसपास मी निश्चिंत असतो, उणे ११० च्या खाली गेला की सावध होतो.

पडद्यावरच्या ‘५जी’ या अक्षरांवरही भाळू नये. अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने सुधारित ४जीलाच ‘५जी इव्होल्यूशन’ (पडद्यावर ‘५जी ई’) असे नाव दिले होते आणि तिथल्या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन मंडळाने २०२० मध्ये ते जाहिरातींतून काढण्याची शिफारस केली. खऱ्या ५जीतही फरक असतो. ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी पार करतात, ३.५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेग देतात पण घरात लवकर मंदावतात. जाहिरातीतला वेग एका फ्रिक्वेन्सी बँडचा (लहरींच्या पट्ट्याचा) आणि व्याप्ती दुसऱ्याची असू शकते.

आपला फोन त्या कंपनीचे बँड पकडतो का, आणि तिच्या ४जीवरून आवाजी कॉल करू देतो का, हे नंबर हलवण्याआधीच तपासावे.