‘आउट रन’चे स्टीअरिंग साध्या कंट्रोलरवर कसे बसवावे

सेगा कंपनीने १९८६ साली आर्केडमध्ये आणलेला, यु सुझुकी यांनी घडवलेला ‘आउट रन’ हा गेम चालवण्यासाठी मूळ यंत्रात गोल स्टीअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक यांची दोन पेडले, आणि ‘लो’ व ‘हाय’ अशा दोनच गिअरची एक दांडी होती. आज तोच गेम ‘मेम’ या एम्युलेटरमधून (जुनी गेम-यंत्रे संगणकावर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) संगणकावर सुरू करून एक्सबॉक्स पद्धतीच्या कंट्रोलरवर खेळायला बसले, की सरळ रस्त्यावर गाडी डगमगते आणि वळणावर एक तर उशिरा वळते किंवा एकदम आत घुसते. स्टीअरिंगची मोठी फेर अंगठ्याच्या जेमतेम एखाद्या सेंटिमीटरच्या हालचालीत कोंबली गेल्यामुळे मधले टप्पे हरवतात, आणि ते टप्पे परत मिळवणे हेच या जुळणीतले मुख्य काम आहे.

हा गेम स्टीअरिंगची जागा एका आकड्याच्या रूपाने वाचतो. चाक मधोमध असताना तो आकडा १२८ असतो आणि डावी-उजवीकडे फिरवल्यावर तो कमी-जास्त होतो. लांबलचक वळणावर चाक अर्धेच फिरवून तसेच धरून ठेवणे ही या गेमची मूळ चालवण्याची रीत आहे. म्हणूनच डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणांवर) तो खेळता येत असला, तरी ‘पूर्ण डावीकडे’ आणि ‘मध्यभागी’ यांच्या मधली जागा तिथे केवळ टिचक्या मारूनच साधावी लागते, आणि माझ्या मते त्यात खेळाची निम्मी गोडी जाते. अ‍ॅनालॉग स्टिक (किती झुकवली तेही सांगणारी दांडी) उपलब्ध असेल, तर तीच वापरावी. रॉम (मूळ यंत्रातील गेमची फाईल) अर्थातच कायदेशीर मार्गाने मिळवलेली असावी.

सर्वप्रथम ‘मेम’च्या फोल्डरमधील ‘मेम डॉट आयएनआय’ ही फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी आणि ‘जॉयस्टिक’ या शब्दापुढे १ लिहिलेले आहे याची खात्री करावी. त्यानंतर ‘जॉयस्टिक डेडझोन’ आणि ‘जॉयस्टिक सॅच्युरेशन’ या दोन ओळी शोधाव्यात. स्टिक मध्यापासून किती हलेपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करायचे हे पहिली ओळ ठरवते, आणि किती हलल्यावर ती पूर्ण टोकाला गेली असे समजायचे हे दुसरी ओळ ठरवते. लढाईच्या किंवा उड्या मारण्याच्या गेमसाठी मोठा डेड झोन सोयीचा असतो, परंतु गाडीच्या गेममध्ये तो घातक ठरतो, कारण रस्त्यात गाडी सरळ ठेवण्यासाठी लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या नेमक्या त्याच पट्ट्यात घडतात. सुरुवातीला डेड झोन ०.०८ आणि सॅच्युरेशन ०.९५ ठेवून पाहावे. स्टिक जुनी झाली असेल आणि हात न लावताही गाडी एका बाजूला सरकत असेल, तर डेड झोन ०.०१ने वाढवत जावे आणि सरकणे थांबताच तिथेच थांबावे.

आता गेम सुरू करून टॅब कळ दाबावी आणि चालू गेमपुरत्या इनपुट असाइनमेंटच्या यादीत जावे. सर्व गेमना लागू होणाऱ्या यादीत बदल करू नयेत, अन्यथा इतर गेमची जुळणी बिघडते. इथे स्टीअरिंगला ‘पॅडल’ आणि पायाच्या पट्ट्यांना ‘पेडल १’ व ‘पेडल २’ म्हटलेले असते; घाईत या नावांची गल्लत होऊ शकते, तेव्हा ओळ नीट वाचूनच निवडावी. ‘पॅडल अ‍ॅनालॉग’वर एंटर दाबून डावी स्टिक आडवी हलवावी. ‘पेडल १ अ‍ॅनालॉग’ला उजवा ट्रिगर (कंट्रोलरच्या वरच्या कडेचे तर्जनीने ओढायचे बटण) आणि ‘पेडल २ अ‍ॅनालॉग’ला डावा ट्रिगर द्यावा.

ट्रिगरच्या बाबतीत विंडोजवर एक अडचण हमखास येते. एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर विंडोजच्या जुन्या डायरेक्टइनपुट मार्गाने वाचला गेला, तर दोन्ही ट्रिगर एकाच अक्षाची दोन टोके म्हणून दिसतात. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबले की ते एकमेकांना रद्द करतात. एक्सइनपुट या नंतरच्या मार्गाने वाचल्यास दोन्ही ट्रिगर वेगवेगळे दिसतात. यासाठी त्याच आयएनआय फाईलमधील ‘जॉयस्टिक प्रोव्हायडर’ या ओळीत एक्सइनपुट किंवा विनहायब्रिड (दोन्ही मार्गांची सांगड) हा पर्याय असावा. ट्रिगर मोकळा असतानाही गाडी आपोआप वेग घेत असेल, तर अक्षाचा चुकीचा भाग नोंदला गेला आहे असे समजावे आणि तीच ओळ निवडून ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढावा. ‘मेम’च्या नव्या आवृत्त्यांत प्रत्येक वेळी पूर्ण अक्ष, उलटा अक्ष, अर्धा अक्ष असे पर्याय क्रमाने येतात. निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरचे ट्रिगर अ‍ॅनालॉग नसून नुसती बटणे असतात. त्यावर उजव्या स्टिकची वर-खाली हालचाल पेडलांना द्यावी.

गिअरसाठी एकच बटण लागते. एकदा दाबले की ‘लो’चा ‘हाय’ होतो आणि पुन्हा दाबले की ‘हाय’चा ‘लो’. ते उजव्या अंगठ्याखालच्या ‘ए’ बटणावर ठेवावे. स्टीअरिंग डाव्या अंगठ्याकडे आणि पेडले तर्जन्यांकडे असल्यामुळे उजवा अंगठा पूर्ण मोकळा राहतो, आणि या गेममध्ये त्याचे महत्त्व मोठे आहे: गाडी रस्त्याबाहेर जात असताना गिअर झटपट बदलत राहून वेग टिकवण्याची युक्ती जाणकार खेळाडू सर्रास वापरतात, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचे बोट न उचलता गिअर बदलता आला तरच ती जमते.

यानंतर टॅब मेनूतील अ‍ॅनालॉग इनपुटच्या जुळणीचे पान उघडावे. नव्या आवृत्त्यांत तिथे प्रत्येक नियंत्रणाची पट्टी स्टिकबरोबर जागच्या जागी हलताना दिसते, त्यामुळे अंदाजाने काम करावे लागत नाही. स्टिक अगदी हळूहळू बाजूला न्यावी आणि पट्टी तितक्याच हळू सरकते का ते पाहावे. स्टिक बरीच हलूनही ती सुरुवातीला जागची हलत नसेल तर डेड झोन अजून मोठा आहे. ‘सेन्सिटिव्हिटी’ १०० असताना स्टिकचे टोक म्हणजे स्टीअरिंगचे टोक. ही किंमत ८० केली, तर मधल्या भागात गाडी शांत चालते, पण स्टिक टोकाला नेऊनही चाक पूर्ण फिरत नाही आणि तीव्र वळणांवर गाडी बाहेर फेकली जाते. त्यामुळे ९०च्या खाली जाऊ नये असे मला वाटते.

मध्यभाग शांत आणि टोके पूर्ण, अशा दोन्ही गोष्टी हव्या असतील, तर वक्र प्रतिसाद लागतो, म्हणजे मध्याजवळ स्टिकचा परिणाम कमी आणि टोकाकडे वाढत जाणारा. तो देण्याचा सोपा मार्ग स्टीम या गेम-विक्रीच्या प्रोग्राममधील ‘स्टीम इनपुट’ या कंट्रोलर-जुळणीच्या सोयीत आहे: ‘मेम’ला स्टीममध्ये बाहेरचा गेम म्हणून जोडावे आणि डाव्या स्टिकच्या ‘रिस्पॉन्स कर्व्ह’मध्ये ‘रिलॅक्स्ड’ निवडावे. मात्र अशा वेळी डेड झोन एकाच ठिकाणी ठेवावा. स्टीममध्ये ठेवला असेल तर आयएनआय फाईलमध्ये शून्य लिहावे, कारण दोन्हीकडचे डेड झोन एकत्र येऊन स्टिकचा मधला मोठा भाग निकामी करतात.

चाचणीसाठी कोकोनट बीच हा पहिलाच टप्पा उत्तम आहे. सुरुवातीच्या रुंद सरळ रस्त्यावर अंगठा पूर्ण उचलून गाडी सरळ जाते का ते पाहावे, मग ‘हाय’ गिअरमध्ये वेग २९३ किलोमीटरपर्यंत नेऊन पहिल्या लांब वळणावर स्टिक अर्ध्यावर स्थिर धरावी. गाडी आपली लेन फारशी न सोडता वळण पार करत असेल, तर जुळणी बसली. ती आतल्या बाजूला ओढली जात असेल तर अधिक सौम्य वक्र निवडावा. बाहेर जात असेल तर आधी सेन्सिटिव्हिटी पुन्हा १०० करावी. एका वेळी एकच किंमत बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर हाच टप्पा पुन्हा चालवावा.

‘मेम’ ही जुळणी ‘सीएफजी’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘आउटरन’ या नावाच्या फाईलमध्ये साठवतो. गेम नीट बंद केल्यावरच ती लिहिली जाते, म्हणून टास्क मॅनेजरमधून तो बंद करू नये, आणि मनासारखी जुळणी झाल्यावर त्या फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवून द्यावी.